ब्रेक नसलेले विमान थांबते कसे?

अझैब्यात राहणाऱ्यांना विमाने उतरताना पाहायची सवय असते. मस्कतच्या विमानतळावरची नवी धावपट्टी ४००० मीटर लांब आहे. तिच्यावर दोन-अडीचशे टनांची विमाने उतरतात आणि आरामात वळून जातात. आजच्या लेखातले विमान मात्र याच्या अगदी उलट टोकाचे आहे. वजन जेमतेम दीड-दोन टन, इंजिन एकच, बसायला वैमानिकापुरती जागा आणि उतरायला शेताच्या कडेची पाच-सहाशे मीटरची पट्टी. हे पिकांवर औषध फवारणारे विमान.

अशा विमानाचे ब्रेक नेमके उतरतानाच निकामी झाले, तर काय होते? वैमानिकाच्या हातात काय उरते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आठवी-नववीच्या भौतिकशास्त्राची चांगली उजळणी होते. शिवाय जबल अखदरवरून गाडी खाली आणताना उपयोगी पडेल असेही काही हाती लागते.

या विमानाचे काम

विमानातून फवारणीचा पहिला प्रयोग ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात झाला. जॉन मॅक्रेडी या लष्करी वैमानिकाने कॅटाल्पाच्या झाडांवरील अळ्या मारण्यासाठी लेड आर्सेनेटची भुकटी टाकली. पुढे खास या कामासाठी विमाने बनू लागली. भारतात हिंदुस्थान एरोनॉटिक्सने ‘बसंत’ नावाचे शेतीचे विमान तयार केले. त्याच्या सुधारित नमुन्याने मार्च १९७२ मध्ये पहिले उड्डाण केले. चाळीसच्या आसपास विमाने बांधून झाल्यावर १९८० मध्ये उत्पादन थांबले. ओमानमध्ये खजुराच्या झाडांवर पडणाऱ्या दुबास किडीविरुद्ध हवाई फवारणी अनेक वर्षे होत आली आहे, तिथे हेलिकॉप्टरही वापरतात.

प्रवासी विमान दिवसात चार-सहा वेळा उतरते. फवारणीचे विमान हंगामात एका दिवसात तीस-चाळीस वेळाही उतरते. टाकी भरायची, उडायचे, दहा मिनिटांत रिकामी करायची, उतरायचे, पुन्हा भरायची. प्रत्येक वेळी ब्रेक वापरले जातात आणि दोन उतरण्यांमध्ये ते थंड व्हायला फारसा वेळ मिळत नाही. वर धूळ, खडी, चिखल आणि औषधांचे शिंतोडे. ब्रेकच्या आयुष्यासाठी याहून वाईट नोकरी शोधून सापडणार नाही.

थांबणे म्हणजे ऊर्जा कुठेतरी टाकणे

समजा, रिकाम्या टाकीचे विमान १५०० किलो वजनाचे आहे आणि ते सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर वेगाने जमिनीला टेकले. त्याची गतिज ऊर्जा:

½ × १५०० × ३० × ३० = ६,७५,००० जूल

एवढ्या ऊर्जेत दोन लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत येईल. विमान थांबायचे म्हणजे ही सगळी ऊर्जा दुसरीकडे गेली पाहिजे. तिला जायला तीन वाटा आहेत: हवेचा रोध, चाके आणि जमीन यांमधले घर्षण, आणि ब्रेकच्या चकत्या. पहिल्या दोन वाटा फुकटच्या आहेत, पण हळू चालतात. तिसरी वाट झटपट आहे, मात्र तिथे सगळे तापते.

किती तापते? समजा यातला एक तृतीयांश भाग ब्रेकने घेतला, म्हणजे २,२५,००० जूल. दोन्ही चाकांच्या लोखंडी चकत्या मिळून ४ किलोच्या धरू. एक किलो लोखंड एक अंशाने तापवायला सुमारे ४५० जूल लागतात. म्हणजे प्रत्येक उतरण्याला चकत्या सुमारे १२५ अंशांनी तापतील. पुढच्या उतरण्यापर्यंत त्या पुरत्या थंड झाल्या नाहीत, तर पुढचे १२५ अंश उरलेल्या उष्णतेवर चढतात.

पायापासून चाकापर्यंत

छोट्या विमानाचे ब्रेक आपल्या मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकचे जवळचे नातेवाईक आहेत. वैमानिकाच्या पायाखाली दोन पेडल असतात. पूर्ण पेडल पुढे ढकलले की शेपटीवरचा उभा सुकाणू, म्हणजे रडर, वळतो. पेडलचा वरचा भाग चवड्याने दाबला की त्या बाजूच्या चाकाचा ब्रेक लागतो. डाव्या पायाला डावे चाक, उजव्या पायाला उजवे.

पेडलमागे मास्टर सिलिंडर असतो. त्यातले तेल नळीतून चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये जाते. इथे पास्कलचा नियम काम करतो: कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. २ चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर पायाने २०० न्यूटन बल दिले, तर पलीकडच्या १० चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर १००० न्यूटन मिळते. मोटारीत पायाच्या मदतीला इंजिनावर चालणारा बूस्टर असतो. बहुतेक छोट्या विमानांत तो नसतो, सगळा जोर पायाचाच.

मोटारीपेक्षा आणखी एक मोठा फरक आहे. मोटारीचा ब्रेक गेला तर निदान हँडब्रेक ओढता येतो, कारण त्याची वायर वेगळी असते. अनेक छोट्या विमानांत पार्किंग ब्रेक म्हणजे निव्वळ एक झडप असते. पेडल दाबून तयार झालेला दाब ती कोंडून ठेवते. तेलच गळून गेले असेल तर कोंडायला काहीच उरत नाही.

ब्रेक निकामी होतात म्हणजे काय होते?

कारणे बहुधा साधीच असतात.

पहिले कारण गळती. सील झिजते, नळीला चीर पडते किंवा खडी उडून जोडावर बसते. पेडल दाबले की तेल बाहेर येते आणि पेडल तळाला टेकते. गळलेले तेल तापलेल्या चकतीवर पडले तर पेटूही शकते.

दुसरे कारण हवा किंवा वाफ. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर हा ब्रेक चालतो. नळीत हवेचा बुडबुडा असेल तर पायाचा जोर तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो आणि पेडल स्पंजासारखे लागते. तेलात पाणी शिरले असेल तर तापलेल्या कॅलिपरमध्ये त्याची वाफ होते आणि परिणाम तोच.

तिसरे कारण झिजलेले पॅड. ते झिजत जातात तसा कॅलिपरचा दट्ट्या अधिकाधिक बाहेर येतो, आणि एका मर्यादेनंतर तिथून तेल गळू शकते.

चौथे कारण माणसाचे: चुकीचे तेल. छोट्या विमानांच्या ब्रेकमध्ये बहुधा लाल रंगाचे खनिज तेल असते आणि त्याची सील नायट्राइल रबराची असतात. मोटारीचे ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारलेले असते आणि त्याला वेगळे रबर लागते. विमानात मोटारीचे तेल ओतले तर सील खराब होतात. उलट केले, म्हणजे मोटारीत खनिज तेल टाकले, तर मोटारीची सील फुगतात. दोन्ही ठिकाणी ब्रेक त्याच दिवशी जाईलच असे नाही. म्हणूनच ही चूक जास्त घातक आहे.

एक गेला तर दोन्ही गेल्यापेक्षा वाईट

दोन्ही ब्रेक जाणे सर्वांत वाईट, असे आपल्याला वाटते. फवारणीच्या विमानात तसे नेहमी नसते.

यातली बहुतेक विमाने शेपटीच्या चाकाची असतात. दोन मोठी चाके पुढे, एक लहान चाक शेपटीखाली. विमानाचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या थोडा मागे असतो. खडबडीत पट्टीवर ही रचना मजबूत ठरते आणि पंख्याला जमिनीपासून उंची मिळते. पण दिशेच्या बाबतीत ती अस्थिर असते.

हे सुपरमार्केटच्या ट्रॉलीवर पाहता येते. ट्रॉलीची मागची चाके सरळ बसवलेली असतात आणि पुढची गरगर फिरणारी. ट्रॉली पुढे ढकलून सोडा, ती सरळ जाते. आता तीच उलट दिशेने ढकलून सोडा. बसवलेली चाके पुढे आणि फिरणारी मागे, अशी ती काही फूट जाते आणि गर्रकन फिरते. चाके पुढे आणि वजन मागे असले, की थोडेसे वळण आपोआप वाढत जाते. शेपटीच्या चाकाचे विमान म्हणजे उलट ढकललेली ट्रॉली. ते असे फिरले, तर त्याला ग्राउंड लूप म्हणतात. बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो, कधी चाकाचा पायच मोडतो.

आता समजा डावा ब्रेक गेला आहे आणि वैमानिकाला ते माहीत नाही. तो सवयीने दोन्ही पेडल दाबतो. फक्त उजवे चाक धरते आणि विमान उजवीकडे खेचले जाते. डावा रडर देऊन सावरता येते, पण रडरचे बल हवेच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. वेग निम्मा झाला की रडरचा जोर चौथा हिस्सा राहतो. म्हणजे विमान जसे हळू होत जाते तसा रडर दुबळा होतो, उजवा ब्रेक मात्र तेवढाच खेचत राहतो. दोन्ही ब्रेक गेलेले विमान निदान सरळ रेषेत लांब जाते. एकच गेलेले विमान पट्टी सोडून बाजूला जाते.

म्हणून एका बाजूचे पेडल मऊ लागले, तर वैमानिकाला सर्वांत आधी चांगल्या बाजूचा पाय उचलावा लागतो. घाबरलेल्या माणसाचा पाय नेमका याच्या उलट वागतो. तो आणखी जोरात दाबतो.

चांगले ब्रेकही हवे तेवढे दाबता येत नाहीत, हेही सांगायला हवे. गुरुत्वमध्य उंच आणि चाकांच्या जवळ असल्यामुळे जोरात ब्रेक मारला तर शेपटी उचलली जाते आणि विमान नाकावर जाते. स्टिक मागे ओढून शेपटी खाली दाबून ठेवायची आणि ब्रेक बेताने लावायचे, अशीच सवय लावतात.

पट्टी पुरेल का? हिशेब करू

थांबायला लागणारे अंतर काढायचे सूत्र सोपे आहे:

अंतर = वेग × वेग ÷ (२ × ऋण त्वरण)

ऋण त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेग किती कमी होतो ते. वेग टेकतानाच्या ३० मीटरचाच धरू. पुढचे आकडे समजण्यासाठी घेतलेले सरासरी अंदाज आहेत.

• चांगले ब्रेक, ऋण त्वरण ३: अंतर १५० मीटर
• ब्रेक नाहीत, गवताची पट्टी, ऋण त्वरण १.२: अंतर ३७५ मीटर
• ब्रेक नाहीत, डांबरी पट्टी, ऋण त्वरण ०.७: अंतर सुमारे ६४० मीटर

ब्रेक नसताना गुळगुळीत डांबरी पट्टीपेक्षा गवत बरे, हे पहिल्यांदा वाचताना विचित्र वाटते. पण चाकांना अडवणारे तिथे जास्त आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता वारा धरू. विमानाला उडते ठेवणारा वेग हवेच्या तुलनेत मोजायचा असतो, थांबायचे असते ते जमिनीच्या तुलनेत. सेकंदाला ५ मीटरचा वारा समोरून असेल तर टेकतानाचा जमिनीवरचा वेग २५ होतो, पाठीमागून असेल तर ३५. ब्रेक नसलेल्या डांबरी पट्टीवर:

• वारा समोरून: सुमारे ४४५ मीटर
• वारा पाठीमागून: ८७५ मीटर

पट्टी ६०० मीटरची असेल, तर पहिल्या विमानाच्या पुढे दीडशे मीटर शिल्लक राहतात. दुसरे विमान पट्टीच्या टोकावरून ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने बाहेर जाते. विमान तेच, बिघाड तोच, वैमानिक तोच. फरक फक्त कोणत्या टोकाकडून उतरायचे या निर्णयाचा. आणि फवारणीच्या पट्टीच्या टोकाशी बहुधा औषध कालवणारी माणसे, पाण्याचा टँकर आणि इंधनाचे पिंप असते.

तापमानाचाही यात वाटा आहे. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे १० टक्के विरळ असते. तेवढाच उचल मिळवायला विमानाला जास्त वेगाने यावे लागते, आणि वेगाचा वर्ग १० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे जूनच्या दुपारी बातिनाच्या किनारपट्टीवर उतरताना थांबायचे अंतरही १० टक्क्यांनी वाढते आणि ब्रेकमध्ये जाणारी उष्णताही.

सर्वांत मोठा फरक वजनाचा. टाकी भरलेली असताना विमान २२०० किलोचे असेल, तर त्याला टेकतानाही जास्त वेग लागतो, सेकंदाला सुमारे ३६ मीटर. ऊर्जा १४,५०,००० जूलच्या घरात जाते, रिकाम्या विमानाच्या दुपटीहून जास्त. कारण वजन वाढले की वेगाचा वर्गही त्याच प्रमाणात वाढतो, आणि ऊर्जेत वजन दोनदा मोजले जाते. या विमानांना टाकी काही सेकंदांत रिकामी करणारा दरवाजा असतो तो याच हिशेबासाठी. अर्थात खाली माणसे, विहिरी, गुरे नाहीत हे पाहूनच तो उघडायचा.

वैमानिकाच्या हातात काय असते?

हवेत असताना बरेच काही. उतरण्याआधी दोन्ही पेडल एकदा दाबून पाहायचे. ती कडक लागली तर ठीक. मऊ लागली तर दोन-तीनदा दाबून दाब तयार होतो का ते पाहायचे. हे करायला पाच सेकंद लागतात, आणि त्यातून कळणारी गोष्ट टेकल्यावर कळली तर पाच सेकंदही हातात नसतात.

ब्रेक नाहीत हे हवेत कळले, तर संकटाची अर्धी धार जाते. टाकी रिकामी करता येते. वाऱ्याच्या समोर जाणारी दिशा निवडता येते. रेडिओवरून टँकर आणि माणसे पट्टीच्या टोकावरून हटवता येतात. पुरेसे इंधन असेल तर लांब धावपट्टी गाठता येते. वरच्या हिशेबातले ६४० मीटर मस्कतच्या ४००० मीटरमध्ये सहज मावतात. म्हणजे तिथे ब्रेक जाणे ही अपघाताची गोष्ट उरत नाही, विमान ओढून नेण्याची होते.

मग उतरायचे ते पट्टीच्या सुरुवातीलाच, शक्य तितक्या कमी वेगाने, तिन्ही चाकांवर. शेपटी खाली असलेले विमान हवेला छाती देऊन उभे राहते आणि रोध वाढतो. ब्रेक चांगले असतील तर टेकल्यावर फ्लॅप आत घेतात, म्हणजे चाकांवर वजन येते आणि ब्रेक नीट धरतात. ब्रेकच नसतील तर फ्लॅप बाहेरच ठेवलेले बरे, कारण आता हवा हाच ब्रेक आहे. स्टिक मागे ओढून ठेवायची, त्याने शेपटीच्या चाकावर वजन राहते. काही विमानांत स्टिक मागे असली की ते चाक सरळ रेषेत अडकून राहते आणि दिशा धरायला मदत होते.

टर्बाइन इंजिनाच्या विमानात आणखी एक साधन असते. पंख्याची पाती उलट कोनात फिरवली की तो मागे ढकलतो. अशा विमानांचे वैमानिक एरवीही चाकांचे ब्रेक कमीच वापरतात. पिस्टन इंजिनाच्या जुन्या विमानांत ही सोय नसते. तिथे पट्टी संपत आली तर इंजिन बंद करायचे, कारण मंद चालणारा पंखाही थोडा पुढे ओढतच असतो. पण इंजिन बंद केले की पुन्हा उडायचा मार्ग संपला.

म्हणून पुन्हा उडायचा निर्णय लवकर घ्यावा लागतो. टेकल्यावर पेडल तळाला गेले, वेग अजून भरपूर आहे आणि पुढे पट्टी आहे, तर पूर्ण पॉवर देऊन वर जायचे आणि शांतपणे दुसरा बेत करायचा. निम्मी पट्टी संपल्यावर हाच विचार करणे म्हणजे थांबताही येत नाही आणि उडताही येत नाही अशा जागी अडकणे. मग उरतो तो शेवटचा पर्याय: दगडी बांध, विहीर, विजेचा खांब यांपासून दूर, पिकाच्या किंवा मऊ मातीच्या बाजूला, वेग कमी झाल्यावर विमान वळवणे. त्यात पंख मोडतील, पण माणूस वाचण्याची शक्यता मोठी. या विमानांत वैमानिकाची जागा उंच, मागे आणि मजबूत पिंजऱ्यात असते. इंजिन आणि औषधाची टाकी त्याच्या पुढे असतात, म्हणजे धडकेत आधी ते चेमटतात.

ब्रेक चांगले असूनही

पट्टीची लांबी आणि वारा यांचा हिशेब मोठ्या विमानांनाही चुकत नाही. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान कोळिकोडच्या धावपट्टीवरून पुढे घसरून दरीत कोसळले आणि २१ जण गेले. आखातातल्या प्रत्येक भारतीय घराला ती रात्र आठवते. तिथे ब्रेक निकामी झालेले नव्हते. चौकशी अहवालानुसार २७०० मीटरच्या धावपट्टीवर विमान सुमारे १३५० मीटर पुढे टेकले, पाऊस होता आणि पाठीमागून ताशी २६ किलोमीटरचा वारा होता. मागे सोडलेली धावपट्टी कोणताही ब्रेक परत आणून देत नाही.

आपल्या गाडीसाठी

जबल अखदरला जाताना बिरकत अल मौजला पोलीस फोर-व्हील गाडी आहे का ते पाहतात. खाली येताना लो गिअरमध्ये या, असे सगळे सांगतात. त्याचा हिशेब करून पाहा. २००० किलोची गाडी १००० मीटर उंची उतरते, तेव्हा २००० × ९.८ × १००० म्हणजे सुमारे १,९६,००,००० जूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. आपल्या विमानाच्या एकोणतीस उतरण्यांची ऊर्जा, तीही सलग, मध्ये विश्रांती न देता. ती सगळी ब्रेकवर टाकली तर ब्रेक तापून पकड सोडणारच. लो गिअरमध्ये ती इंजिनाच्या वाटेने जाते. त्या रस्त्यावर बाजूला चढत जाणाऱ्या आपत्कालीन वाटा ठेवल्या आहेत. बोरघाटात रेल्वेचे कॅच साइडिंगही त्याच कल्पनेचे: ब्रेक नसतील तर ऊर्जा चढाला आणि मातीला द्या.

विमान असो, आगगाडी असो की आपली गाडी, ऊर्जेला जायला एकाहून जास्त वाटा ठेवाव्यात आणि त्यातली प्रत्येक वाट गरज पडण्याआधी तपासलेली असावी. पुढच्या वेळी घाट उतरण्याआधी, सपाटीवर असतानाच, ब्रेकचे पेडल एकदा दाबून पाहा. कडक लागते का?

थोडा गृहपाठ

१. निझवाच्या रस्त्यावर ताशी १०० ऐवजी १२० किलोमीटर वेगाने जाताना ब्रेक मारला, तर थांबायचे अंतर किती टक्क्यांनी वाढेल? (ब्रेकची पकड तीच धरा. उत्तर: ४४ टक्के.)

२. ब्रेक नसलेले विमान गवताच्या पट्टीवर सेकंदाला ४० मीटर वेगाने टेकले, तर ६०० मीटरमध्ये थांबेल का? (उत्तर: नाही. सुमारे ६६७ मीटर लागतील.)

३. मुलांना घेऊन पुढच्या वेळी सुपरमार्केटला जाल, तेव्हा रिकाम्या कोपऱ्यात ट्रॉली उलटी ढकलून पाहा. ती किती फूट सरळ जाते ते मोजा, मग मागच्या टोकाला पाण्याचा कॅन ठेवून पुन्हा मोजा. काय बदलले, ते मुलांनाच सांगू द्या.